एकोणतीस इंच अँबर्टन

वेंडेलचा उजवा गुडघा अठ्ठ्याहत्तर अंशांत वाकत होता आणि डॉक्टरांना नव्वद हवे होते. मुदत एकोणीस मेची. तोवर नव्वद भरले नाहीत तर भूल देऊन गुडघा ताकद लावून वाकवावा लागेल, असं त्यांनी पावसात फुगलेल्या खिडकीबद्दल बोलावं तितक्या सहजपणे सांगितलं. वेंडेल, म्हणजे माझा नवरा, घरी येईपर्यंत गाडीत गुडघा दोन्ही हातांनी धरून बसला. त्याच्या थोरल्या भावाला भूल दिल्यावर दोन महिने स्वतःच्या मुलींची नावं सापडत नव्हती. म्हणून गुडघा बदलताना वेंडेलने हट्टाने फक्त कमरेखालचा भाग बधिर करून घेतला होता. आता पूर्ण भूल म्हटल्यावर त्याने संध्याकाळी बटाटे सोलता सोलता आमची दोन मुलं, चार नातवंडं आणि आजवरचे तिन्ही कुत्रे यांच्या नावांची उजळणी करून दाखवली. एकही चुकलं नाही. तरी त्याने ती दोनदा केली.

मी चौतीस वर्षं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली आहेत. जे मोजता येतं त्याची मला भीती वाटत नाही. रोज सकाळी साडेसातला, एकाच खुर्चीत, एकाच बाजूने कोनमापक लावून मी तीनदा मोजायचे आणि सरासरी वहीत लिहायचे. सहा दिवस सरासरी अठ्ठ्याहत्तर. आलेखावर इतकी सरळ रेघ मी याआधी फक्त बंद पडलेल्या यंत्राची पाहिली होती.

व्यायाम शिकवणारी बाई म्हणत होती की चालायला हवं, पायऱ्या चढायला हव्यात आणि मुख्य म्हणजे मन दुसरीकडे हवं. मन गुडघ्यात अडकलं की गुडघाही अडकतो. पण आमच्या रस्त्यावर मन दुसरीकडे ठेवण्याची सोय नाही, कारण समोर विन्स्लो टारबेल राहतो. विन्स्लोने उभं आयुष्य जमीन मोजणाऱ्यांच्या हाताखाली दुसऱ्यांच्या हद्दी मोजण्यात घालवलं. आता तो सकाळच्या कॉफीपासून पोर्चवर बसतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याची मोजणी करतो. पहिल्या दिवशी तो वेंडेलला म्हणाला, डावीकडे कलतोयस. दुसऱ्या दिवशी म्हणाला, कालच्यापेक्षा बरं आहे, दहापैकी चार. तिसऱ्या दिवशी वेंडेल बाहेर पडला नाही, चौथ्याही नाही.

अशात साप्ताहिकात बातमी आली. तळ्याकाठच्या उद्यानात जुनं पंपघर आहे. तिथलं तीन मजली उंच वाफेचं इंजिन अकरा वर्षांनी, शनिवारी सोळा मेला, पुन्हा चालवून दाखवणार होते. वेंडेलने बातमी दोनदा वाचली आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा. तो बॉयलर तपासनीस होता. या इंजिनाचा बॉयलर त्याने तरुणपणी दोन वेळा नापास केला होता, आणि माणसं पहिल्या प्रेमाबद्दल बोलतात तसा तो त्याबद्दल बोलत असे. मी म्हटलं, जाऊ या. तो म्हणाला, तिकीट आहे का? मी म्हटलं, असणारच. तेव्हा त्याने पेपर घडी करून ठेवला.

"एनिड, बॉयलर बघायचे मला लोकांनी आयुष्यभर पैसे दिलेत," तो म्हणाला. "आता मी पैसे देऊन बघणार नाही."

प्रश्न रकमेचा नव्हता. मी गुपचूप तिकीट काढलं असतं तर त्याला ते दारातच कळलं असतं, आणि तो कोनमापकासारखा ताठ होऊन गाडीत जाऊन बसला असता.

तोडगा शेजारच्या लुर्देस पाशेकोने काढला. ती कुंपणापलीकडून अंडी द्यायला आली होती. लायब्ररीच्या कार्डावर पंपघराचा पास मिळतो, पुस्तकासारखा, आज न्यायचा आणि उद्या दुपारपर्यंत परत करायचा. एका पासावर चौघं जातात. झाडांची बाग, घड्याळांचं संग्रहालय, सगळ्यांचे पास असतात म्हणाली. चाळीस वर्षं कार्ड पर्समध्ये बाळगून मी फक्त पुस्तकं आणत होते याचं तिला इतकं वाईट वाटलं की तिने दोन अंडी जास्त दिली.

आता इथे आमच्या घराबद्दल सांगायला हवं. ते दोन गावांत आहे. अँबर्टन आणि वेस्ट फार्ली यांची हद्द आमच्या घरातून जाते. आधीच्या मालकाने घरातल्या मधल्या बोळाच्या जमिनीत पितळी खिळ्यांची रांग ठोकून ती दाखवली आहे. पूर्वी शाळेची मुलं खिळे बघायला येत. माणूस कुठल्या गावचा, हे आमच्याकडे तो कुठे जेवतो यावरून ठरत नाही, कुठे झोपतो यावरून ठरतं. पलंग ज्या गावात, मत त्या गावात, कुत्र्याचा परवाना त्या गावात आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडीवर लावायचं कचरा डेपोचं स्टिकर त्या गावाचं. आमची वरची झोपायची खोली अँबर्टनमध्ये. म्हणून आम्ही एक्केचाळीस वर्षं अँबर्टनचे.

फक्त मार्चमध्ये, वेंडेलला जिना चढवेना म्हणून, आम्ही पलंग खाली जेवणघरात आणला होता. आणि जेवणघर खिळ्यांच्या पलीकडे आहे.

लायब्ररीत प्रिसिला कॉब काउंटरवर होती. सोळा तारखेचा पास मोकळा होता. तिने नाव टिपलं आणि सवयीने विचारलं, पत्ता तोच ना? एक्केचाळीस वर्षं या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर देत आले. त्या दिवशी मी म्हटलं, "पत्ता तोच. फक्त पलंग खाली जेवणघरात आणलाय." मी हे गुडघ्याची माहिती म्हणून सांगितलं होतं. प्रिसिलाची बोटं कळफलकावर थांबली.

"म्हणजे खिळ्यांच्या पलीकडे, मिसेस हॉस्किन्स?"

पास फक्त अँबर्टनच्या रहिवाशांना मिळतात. लायब्ररीला मदत करणारी मित्रमंडळी दरवर्षी घरी भाजलेले ॲपल पाय विकून ते पास घेतात, आणि ते फार्लीच्या लोकांनी वापरावेत हे त्यांना मान्य नाही. फार्लीच्या लायब्ररीकडे त्यांचे स्वतःचे पास आहेत, पण ते माशांच्या पिल्लांच्या तळ्याचे आणि बटणांच्या संग्रहालयाचे. प्रिसिला मनापासून खजील झाली. रहिवासाचा कागद आणलात तर शुक्रवारी दुपारपर्यंत पास धरून ठेवते म्हणाली. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मीही हेच केलं असतं, याचा आला.

घरी वेंडेलने सगळं ऐकून घेतलं.

"तू तिला सांगितलंस," तो म्हणाला.

"तिने विचारलं."

"तिने पत्ता विचारला होता. पलंग नाही."

लुर्देसचं मत पडलं की मी उद्या जाऊन पलंग वर नेला म्हणून सांगावं. मी म्हटलं, नेलेला नाही. ती म्हणाली, तेच तर, सांगायला काय लागतं. मला ते जमणार नाही हे तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. मग तिने स्वतःच्या कार्डावर पास काढायची तयारी दाखवली, पण पासाबरोबर कार्डाचा मालक हजर लागतो, आणि त्या शनिवारी तिच्या चर्चमध्ये पवित्र आत्म्याचा सण होता. तीनशे माणसांचं गोमांसाचं सूप तिच्या माथी होतं. देवाला सांगते की पंपघर बघायला गेले होते, पण सुपाला काय सांगू, असं ती म्हणाली.

बातमी रस्ता ओलांडून विन्स्लोपर्यंत पोचायला वीस मिनिटं लागली. तो आला, बोळात उभा राहिला आणि खिळ्यांकडे बघून म्हणाला की हे खिळे चुकीचे आहेत. हे तो गेली पस्तीस वर्षं म्हणत होता. आम्ही दरवेळी त्याला कॉफी देऊन विषय बदलत असू. हद्दीचा खरा दगड त्याच्या लायलॅकच्या झुडपामागे होता आणि दुसरा लुर्देसच्या कोंबड्यांच्या खुराड्यात. दोन दगडांमध्ये दोरी ताणली की ती बोळातून जात नाही, जेवणघरातून जाते, असं त्याचं म्हणणं. वेंडेलने त्याच्याकडे कितीतरी दिवसांनी सरळ पाहिलं. मी त्या दिवशी कॉफी दिली नाही. दोरी आणली.

गुरुवारी सकाळी टाऊन क्लार्क हार्लन डायर जुना नकाशा आणि फीत घेऊन आले. गावाच्या सगळ्या नोंदी त्यांच्या ताब्यात असतात, आणि घाई या गोष्टीची त्यांच्याकडे नोंद नाही. जेवणघराला पुढे आणि मागे खिडक्या आहेत, त्या आम्ही उघडल्या. विन्स्लोने त्याच्या दगडाला दोरी बांधली. ती रस्ता ओलांडून, एका खिडकीतून आत, दुसरीतून बाहेर, लुर्देसच्या खुराड्यापर्यंत न्यायची होती. रस्त्यावर पार्सलची गाडी आली आणि दोरीपाशी थांबली. ड्रायव्हर उतरला. त्याला वाटलं अपघात झालाय. सगळं कळल्यावर तो म्हणाला, माझ्या आजीचंही घर असंच होतं, आणि वीस मिनिटं दोरी मधोमध धरून उभा राहिला.

खुराड्यात दुसऱ्या दगडावर लुर्देसची खुडूक कोंबडी बसली होती. ती उठेना. हार्लन म्हणाले की दगडाचा मध्य दिसल्याशिवाय मोजणी ग्राह्य धरता येणार नाही. लुर्देसने कोंबडीला अॅप्रनमध्ये घेतलं, कोंबडीने लुर्देसला चोच मारली, आणि दोघी पोर्तुगीजमध्ये भांडत असताना दोरी ताणली गेली.

विन्स्लोचं बरोबर होतं. अँबर्टन आमच्या जेवणघरात घुसलं होतं. बोळाकडच्या भिंतीपासून दोरी एका टोकाला एकतीस इंचांवर आणि दुसऱ्या टोकाला सत्तावीस इंचांवर होती. विन्स्लोने टोपी काढली आणि बराच वेळ दोरीकडे बघत राहिला. पस्तीस वर्षांनी खरं ठरलेल्या माणसाला एकांत द्यावा म्हणून आम्ही थोडे बाजूला सरकलो.

मग त्या भिंतीचं काचसामानाचं कपाट हलवून तिथे पलंग लावायचा होता. हार्लन, विन्स्लो आणि तो पार्सलवाला यांनी कपाट उचललं आणि स्वयंपाकघराच्या दारात बरोब्बर अडकवलं. ते पुढे जाईना, मागे येईना. त्या दिवसापासून आम्ही जेवणघरातून स्वयंपाकघरात जायला अंगणातून वळसा घालतो. पण पलंग भिंतीला लागला. त्याची रुंदी चोपन्न इंच. मी पाकिटाच्या पाठीवर समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ काढलं. सरासरी एकोणतीस इंच, म्हणजे जवळजवळ चोपन्न टक्के पलंग अँबर्टनमध्ये. मी ते हार्लनना दाखवलं. त्यांनी आदराने वाचलं आणि परत दिलं. माणूस टक्क्यांनी कुठल्या गावात राहत नाही, म्हणाले. कार्ड कुणाच्या नावावर आहे? माझ्या. तर मग तुम्ही कुठल्या बाजूला झोपता?

मी म्हटलं, भिंतीच्या.

"दाखवाल का?" हार्लन म्हणाले. "मला सही करायची आहे."

मी बासष्ट वर्षांची बाई आहे. जिल्ह्याच्या पिण्याच्या पाण्याच्या अहवालांवर माझी सही असायची. सकाळी साडेदहा वाजता, स्वेटर आणि मोज्यांसह, टाऊन क्लार्क, दोन शेजारी, एक पार्सलवाला आणि एक कोंबडी यांच्यादेखत मी पलंगावर चढले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. दोरी माझ्या पाठीमागून चार बोटांवर होती. हार्लननी फीत लावली. कोणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. फक्त लुर्देस हळूच म्हणाली, "अगं, गुडघे जरा जवळ घे. पाय फार्लीत जातोय."

मी घेतले.

हार्लननी तिथेच टेबलावर पत्र लिहिलं: 'मिसेस एनिड हॉस्किन्स या अँबर्टन गावात झोपतात, हे मी समक्ष पाहिलं आहे.' खाली गावाचा शिक्का.

आता वेंडेल उरला. त्याची बाजू दोरीच्या पलीकडची. एक्केचाळीस वर्षं गावाच्या सभेत बर्फ काढण्याच्या गाडीवर भाषण करणारा माणूस एका सकाळीत फार्लीचा झाला होता. तो खुर्चीत बसून दोरीकडे असा बघत होता की हार्लनना राहवेना. त्यांनी समजूत घातली: काळजी करू नका, आजारपणापुरता हलवलेला पलंग तसाही धरत नाहीत. तुम्ही दोघंही अँबर्टनचेच आहात आणि मार्चपासून होताच.

मी उठून बसले. हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत, असं मी त्यांना विचारलं.

"कोणी विचारलं नाही," हार्लन म्हणाले. "तुम्ही रेघ कुठे आहे ते विचारलंत."

या उत्तरात मला एकही चूक सापडली नाही. मी बराच वेळ शोधत होते.

शुक्रवारी प्रिसिलाने पत्र वाचलं, त्याची प्रत काढून फाइलला लावली आणि पास दिला. जाड पुठ्ठ्याचं कार्ड, वर प्लॅस्टिकचं पाकीट. मी ते पदक मिळाल्यासारखं घरी आणलं. तोवर आणखी एक गोष्ट घडली होती. पलंग आणि जेवणाचं टेबल यांच्यामध्ये आता हातभर जागा उरली होती, आणि वेंडेलला बाहेर पडायला पाय पोटाशी घेऊन वळावं लागे. शुक्रवारची सरासरी ब्याऐंशी होती. मी त्याला सांगितलं नाही. मन गुडघ्यात गेलं असतं.

पासावर चौघं जातात हे विन्स्लोला माहीत होतं. शनिवारी तो नऊ वाजता बाहेरच्या पायरीवर टाय लावून बसला होता. हार्लन त्याच्याशेजारी होते. त्यांच्या मते पत्राचा वापर योग्य कामासाठी होतोय की नाही हे पाहणं त्यांचं कर्तव्य होतं. दारातल्या बाईने पास बघितला, चार बोटं मोजली आणि आम्हाला आत सोडलं. वेंडेल फाटकातून तिकीट न काढता गेला. त्याच्या पाठीचा ताठपणा मागून बघण्यासारखा होता.

इंजिन सुरू झालं तेव्हा जमिनीतून आधी पायांना कळलं. मग ते प्रचंड चाक हललं. लोक टाळ्या वाजवू लागले. वेंडेल टाळ्या वाजवत नव्हता. त्याने मान तिरकी केली होती. प्रत्येक फेऱ्याला वर कुठेतरी एकदा, बारीक, टक्‌ असा आवाज येत होता. मला तो ऐकू येत नव्हता. त्याला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. त्याने खालून हाका मारल्या, पण वरच्या सज्जात निळ्या डगल्यात उभ्या असलेल्या मॉड नावाच्या प्रमुख बाईंनी हसून हात हलवला. तिथे जायला बावीस लोखंडी पायऱ्या. लिफ्टवर 'बंद' अशी पाटी.

"दांड्याची पाचर ढिली आहे," वेंडेल म्हणाला. "या लोकांना दिसत नाहीये."

आणि तो चढू लागला. मी आणि व्यायामाच्या बाईने दोन महिने त्याला शिकवलं होतं, चांगला पाय वर, मग दुखरा शेजारी, मग थांब. त्याने तसलं काही केलं नाही. डावा, उजवा, डावा, उजवा. उजव्या गुडघ्याने त्याचं शंभर किलोचं अंग एकेक पायरी उचललं आणि त्याला त्याची बातमीही नव्हती. सातव्या पायरीला विन्स्लोने तोंड उघडलं. मी आयुष्यात पहिल्यांदा शेजाऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. तो तोंड मिटून माझ्याबरोबर पायऱ्या मोजत उभा राहिला. हार्लननी टोपी छातीशी धरली होती.

वर वेंडेल आणि मॉड बाईंचं बोलणं झालं, ते नंतर कळलं. त्या म्हणाल्या, हा आवाज नेहमीचाच आहे. वेंडेल म्हणाला, मग तो नेहमीच चुकीचा येत आलाय. त्याने इंजिन थांबवायला लावलं. लोक कुजबुजू लागले. मग दांड्याची खालची बाजू बघायला तो तिथेच सज्जात नुसता वाकला नाही, चक्क उकिडवा बसला, हातात हातोडी घेऊन, अंगणात गोट्या खेळणाऱ्या पोरासारखा. तीन ठोके ऐकू आले. मग मॉड बाईंनी झडप उघडली, चाक फिरलं, आणि यावेळी मलासुद्धा फरक कळला. इतकं मोठं लोखंड फिरत होतं आणि आवाज फक्त वाफेच्या श्वासाचा. मॉड बाईंनी स्वतःचा निळा डगला काढून वेंडेलच्या खांद्यावर टाकला. खाली गर्दीने पुन्हा टाळ्या वाजवल्या, आणि त्यात सगळ्यात मोठ्या टाळ्या विन्स्लोच्या होत्या.

"दहापैकी दहा," तो माझ्या कानाशी म्हणाला. "पण त्याला सांगू नकोस."

मंगळवारी सकाळी साडेसातला मी तीनदा मोजलं: पंचाण्णव, पंचाण्णव, पंचाण्णव. दहा वाजता डॉक्टरांनी त्यांचं कोनमापक लावलं आणि भुवया वर नेल्या. शहाण्णव, म्हणाले. भूलतज्ज्ञाला फोन करून त्यांनी वेंडेलचं नाव यादीतून काढायला सांगितलं, आणि इतकं झटपट काय केलंत ते विचारलं. वेंडेलने त्यांना पाचरीबद्दल सांगितलं. सुमारे पंचवीस मिनिटं. दर शनिवारी आता तो इंजिनावर असणार हेही सांगितलं. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं तरी तो थांबला नाही.

डॉक्टरांचं ते कोनमापक टेबलावर माझ्यासमोर पडलं होतं. त्याच्या सांध्यातला खिळा ढिला होता, निदान एका अंशाने. मी ते पाहिलं, पर्स उचलली आणि काहीही न बोलता उभी राहिले.